नंबर जोड्याचा, माप पावलाचे

आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या जोड्याचा नंबर किती, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगाल. त्यांच्या पावलाची लांबी किती सेंटिमीटर आहे, असे विचारले तर? तीन वर्षांपूर्वी मलाही सांगता आले नसते. बेचाळीस वर्षांचा संसार. ह्यांच्या सदऱ्याचे माप, चष्म्याचा नंबर, रक्तदाबाची गोळी किती मिलिग्रॅमची, सारे मला तोंडपाठ. पावलाचे माप मात्र मी कधी घेतलेच नव्हते. ‘आठ नंबर’ एवढे ठाऊक होते आणि तेवढे पुरते, असा माझा समज होता. त्या समजाची किंमत ह्यांच्या पावलाने मोजली, तीही तक्रारीचा एक शब्द न काढता. आपणांपैकी कोणावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

आम्ही सांगलीला राहतो. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी शाळेतून. निवृत्तीनंतरची काही वर्षे सुखात गेली. पुढे एका पहाटे ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. आघात मेंदूच्या डाव्या भागावर झाला होता. शरीराच्या उजव्या अंगाचे नियंत्रण तिथून होते आणि बहुतेकांच्या बाबतीत बोलण्याचे केंद्रही त्याच बाजूला असते. त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचाही गेली. याला वाचाघात म्हणतात. ऐकलेले बरेचसे कळते, मनात उत्तरही असते. परंतु तो शब्द ओठांवर येत नाही. ह्यांच्यापाशी उरला तो एकच शब्द, ‘बरं’. चहा हवा का? बरं. झोप लागली का? बरं. काही दुखते आहे का? तेही बरं. या एका शब्दाच्या चढउतारावरून अर्थ लावायला मी हळूहळू शिकले; परंतु तो प्रत्येक वेळी बरोबर लागतोच असे नाही, हे पुढे कळले.

तीन महिन्यांच्या व्यायामानंतर हे आधाराने उभे राहू लागले. मात्र उजवे पाऊल पुढून लोंबत असे, पाऊल टाकताना बोटे जमिनीला घासत आणि अडखळून पडण्याचे भय वाटे. त्यासाठी त्या पायाला प्लास्टिकची स्प्लिंट मिळाली. पोटरीच्या मागून खाली येणारी आणि तळपायाखाली जाणारी ही पट्टी पाऊल काटकोनात धरून ठेवते. ती अनवाणी पायाने वापरता येत नाही, कारण गुळगुळीत प्लास्टिक फरशीवरून सरकते. तिच्यावर जोडा हवाच. ह्यांनी उभ्या आयुष्यात कोल्हापुरी वहाणेवाचून दुसरे काही पायात घातले नव्हते. कार्यालयातही वहाणच. आता बंद जोडा, तोही पुढून रुंद उघडणारा, हलका आणि एका हाताने लावता येईल अशा चिकटपट्टीचा हवा होता.

आणि इथे एक अडचण उभी राहिली, जिचा विचार दुकानदारांनी केलेला नसतो. स्प्लिंट घातलेले उजवे पाऊल डाव्याहून लांब आणि रुंद होते. डाव्याला आठ नंबर, तर उजव्याला नऊ. दुकानात जोडा म्हणजे एकाच नंबराची जोडी. ‘एक पाय या खोक्यातला आणि एक त्या खोक्यातला द्या’ असे मी म्हटल्यावर दुकानातील मुलगा हसला. त्याचे चुकले नाही. उरलेल्या दोन जोड्यांचे त्याने काय करायचे? दोन जोड विकत घ्यायचे तर प्रत्येकी साडेचार हजार. औषधे, फिजिओथेरपी आणि सेविकेचा पगार भागवून निवृत्तिवेतनातून हे नऊ हजार काढणे जिवावर आले.

तेव्हा आमची नात म्हणाली, “आजी, फोनवर लोक वापरलेले बूट विकतात. नवे असल्यासारखेच असतात. बघू या का?” माझे मन आधी तयार होईना. दुसऱ्याच्या वहाणेत पाय घालू नये, हे आमच्या लहानपणी घराघरांत सांगत. गेलेल्या माणसाच्या उत्तरक्रियेत छत्री आणि वहाणा दान करतात, तेही डोळ्यांपुढे आले. हा जोडा कोणाचा असेल, तो माणूस असेल की नसेल, असे काहीबाही मनात येऊन गेले. परंतु गरज मोठी होती. मुंबईत चोरबाजाराच्या परिसरात काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, वापरलेले जोडे लोक पूर्वीपासून घेत आले आहेत. फरक इतकाच की तिथे जोडा हातात घेऊन, वाकवून, पायात घालून पाहता येतो. फोनवर दिसते ते छायाचित्र आणि एक आकडा. पुढची सारी कथा त्या आकड्याची आहे.

डावा आठ नंबरचा जोड आम्ही दुकानातून घेतला. उजव्यासाठी फोनवर तसाच काळा, चिकटपट्टीचा, ‘नऊ नंबर, फक्त चार वेळा वापरलेला’ असा जोड अकराशे रुपयांना मिळाला. परदेशातील भावाने आणला होता, पण आपल्याला बसत नाही, असे विकणाऱ्या गृहस्थांनी लिहिले होते. जोडा घरी आला तेव्हा खरोखरच स्वच्छ होता. खोक्यावर नऊ, जिभेच्या आत शिवलेल्या चिठ्ठीवरही नऊ. स्प्लिंटसह पाऊल आत जायला जरा झटापट करावी लागली. नवी वहाणसुद्धा सुरुवातीला चावतेच, चार दिवसांत सैल होईल, असे मी स्वतःला समजावले. ह्यांना विचारले, “बसतोय ना नीट?”

“बरं,” हे म्हणाले.

पाचव्या दिवशी फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या ताईंनी मोजा काढला आणि त्या थबकल्या. उजव्या करंगळीच्या मुळाशी, पावलाच्या बाहेरच्या कडेला, रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता आणि मोजा त्याला चिकटला होता. मी रोज रात्री जोडा काढत होते; मोजा मात्र मंद उजेडात, बोलता बोलता, न पाहता ओढून काढत होते. पाच दिवस ते पाऊल आवळले जात होते आणि मी ‘बरं’ या शब्दावर विसंबून होते.

डॉक्टरांनी जखम तपासली आणि मग एक साधी परीक्षा केली. ह्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या एका जाड तंतूचे टोक तळपायावर निरनिराळ्या जागी टेकवले. स्पर्श कळला की डावा हात वर करायचा. डाव्या तळव्यावर प्रत्येक वेळी हात वर गेला. उजव्या तळव्यावर सहा जागी तंतू टेकला. हात एकदाच हलला. पक्षाघाताने त्या बाजूची संवेदनाही बोथट केली होती. म्हणजे ह्यांना सांगता येत नव्हते एवढेच नाही. जोडा चावतो आहे हे त्यांना पुरते कळतच नव्हते.

डॉक्टरांनी त्या वेळी डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी सांगितले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करताना या शल्यविशारदांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा अभ्यास केला. कुष्ठरोगात मांस आपोआप झडते, ही तेव्हाची समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की संवेदना गेल्यामुळे माणसाला इजा कळत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब आणि घर्षण होत राहते आणि जखमा त्यातून होतात. मऊ रबराच्या तळाच्या, मापाच्या वहाणा आणि रोज पावले तपासण्याची सवय, यांचे महत्त्व त्या कामातून ठसले. मधुमेहात पाय बधिर होतात तेव्हाही हेच घडते. वेदना ही आपली राखणदार आहे. ती झोपली असेल, तर राखण दुसऱ्या कोणी केली पाहिजे.

जखम भरून यायला सहा आठवडे लागले. तोवर स्प्लिंट बंद, म्हणजे चालणे बंद. दारापर्यंत जाऊ लागलेला माणूस पुन्हा पलंगापाशी आला. चौतीसशे रुपये वाचवायला गेले आणि दीड महिना गमावला.

आकडा तोच, पाऊल वेगळे

नऊ नंबरचा जोडा नऊ नंबरच्या पायाला का चावला, हे मी नंतर खोलात जाऊन पाहिले. आपणही एकदा समजून घ्यावे. आपल्याकडे सर्रास चालणारा नंबर ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्याचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. तीन दाणे म्हणजे एक इंच, आणि एका नंबराचा फरक म्हणजे एक दाणा, अर्थात साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडेही यव आणि अंगुळ ही जुनी मापे होतीच. युरोपीय पद्धतीत एका नंबराचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आत असतो आणि तिथे आकडे मोठे दिसतात. आपला आठ नंबर तिथे साधारण बेचाळीसच्या घरात जातो. अमेरिकी पद्धत ब्रिटिशांसारखीच, पण आकडे पुढे सरकलेले. पुरुषांच्या जोड्यांत अमेरिकी आकडा ब्रिटिश आकड्याहून साधारण एकाने मोठा असतो, काही कंपन्यांत अर्ध्याने. स्त्रियांच्या जोड्यांत हे अंतर दोनपर्यंत जाते.

आता उलगडा झाला असेल. परदेशातून आलेल्या त्या जोड्यावरचा नऊ अमेरिकी होता, म्हणजे आपला आठ. स्प्लिंट घातलेल्या पावलावर मी एक नंबर लहान जोडा चढवला होता. चिठ्ठीवर त्या नऊच्या आधी यूएस ही अक्षरे बारीक छापलेली होती. चष्मा लावून पाहिले असते तर दिसली असती.

त्याच चिठ्ठीवर बहुधा यूके, यूएस, ईयू अशा तीन-चार आकड्यांच्या ओळी असतात आणि पुष्कळदा एक आकडा सेंटिमीटरमध्ये असतो. तो जोडा किती लांबीच्या पावलासाठी बेतला आहे, हे त्यावरून कळते. सेंटिमीटर सगळ्या देशांत सारखाच, म्हणून त्यावर अधिक विसंबावे. तरीही पूर्ण विसंबू नये. एकाच आठ नंबरासाठी निरनिराळ्या कंपन्यांच्या तक्त्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मी स्वतः पाहिला आहे. शिवाय नंबर सांगतो तो लांबीविषयी. रुंदीसाठी काही परदेशी कंपन्या वेगळी खूण देतात. पुरुषांच्या जोड्यांत डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद आणि ४ई म्हणजे त्याहून रुंद. आपल्याकडच्या बऱ्याच जोड्यांवर अशी खूण नसते.

आणि ज्येष्ठांची अडचण बहुधा रुंदीचीच असते. वय वाढते तसे पावलाचे अस्थिबंध सैलावतात, कमान थोडी बसते, पाऊल पसरते. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येते, बोटे वाकतात, संध्याकाळी सूज चढते. चाळिशीत घेतलेला नंबर सत्तरीत तोच राहील, याची खात्री नाही. भारतीयांची पावले पाश्चात्त्य साच्यांपेक्षा पुढच्या बाजूला रुंद असतात, असे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पाहणीत दिसले. २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजून तिने ‘भा’ या नावाची भारतीय मापनपद्धती सुचवली आहे. ती सर्वत्र रुजेपर्यंत आपल्या घरची पावले आपणच मोजायला हवीत.

पाऊल कसे मोजावे

यात अवघड काही नाही. वेळ संध्याकाळची घ्यावी, कारण तेव्हा पाऊल सर्वांत मोठे असते. जो मोजा आणि जी स्प्लिंट रोज वापरायची, ती घालूनच मोजावे. भिंतीला लागून कोरा कागद ठेवावा, टाच भिंतीला टेकवावी आणि शक्य असेल तर आधार देऊन माणसाला उभे करावे. बसलेल्या माणसाचे पाऊल पसरलेले नसते. पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ काढावी. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत लांबी घ्यावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. मग बोटांच्या मुळाशी सर्वांत रुंद जागी रुंदी मोजावी. दोन्ही पावले वेगवेगळी मोजावीत. ह्यांचे डावे पाऊल निघाले २६.४ सेंटिमीटर आणि स्प्लिंटसह उजवे २७.४. तो कागद आजही देवघराशेजारच्या कपाटात आहे, तारीख घालून. दर सहा महिन्यांनी नवा काढते.

हे करताना मला ह्यांच्या जुन्या वहाणांची आठवण झाली. कोल्हापूरला ह्यांचे ठरलेले कारागीर होते. ते कधी नंबर विचारत नसत. कागदावर पाय ठेवायला सांगत, भोवती रेघ ओढत आणि अंगठ्याचा पट्टा किती सैल हवा ते हाताने चाचपून घेत. चाळीस वर्षे ह्यांना वहाणेचा त्रास झाला नाही, याचे श्रेय मी चामड्याला देत होते. ते त्या रेघेला होते.

फोनवरून जोडा घ्यायचा असेल, तर विकणाऱ्याला नंबर विचारून थांबू नये. जोड्यातील गादीसारखा सुटा तळ, ज्याला इनसोल म्हणतात, तो बाहेर काढून त्याच्याशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र पाठवा, असे सांगावे. लांबी आणि पुढची रुंदी, दोन्ही दिसली पाहिजेत. इनसोल आपल्या पावलाहून साधारण एक सेंटिमीटर लांब हवा आणि पावलाची कड त्याच्या बाहेर जाता कामा नये. जो माणूस एवढे छायाचित्र पाठवायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये. घरी आल्यावर कागदावरचे पाऊल कापून इनसोलवर ठेवून पाहावे. ज्यांना ‘चावतो’ असे सांगता येत नाही, त्यांच्या वतीने तो कागद बोलतो.

‘कधीच न वापरलेला’

जखम भरल्यावर डॉक्टरांनी बजावले होते, की ज्या पायाला स्पर्श नीट कळत नाही, त्याला दुसऱ्याने वापरलेला जोडा नको. कारण जोडा पहिल्या मालकाच्या चालीचा ठसा घेतो. कोणी टाचेची बाहेरची कड झिजवतो, कोणी आतली. इनसोलवर त्याच्या बोटांचे खळगे पडतात. निरोगी पायाला ते जाणवते आणि तो जोडा बाजूला ठेवतो. बधिर पाय निमूटपणे सोसतो.

मी यातून वाट काढली. वापरलेला नको ना, मग न वापरलेला पण जुना का नको? खोक्यातून बाहेरही न काढलेला एक जोड अर्ध्याहून कमी किमतीत मिळाला. या वेळी सेंटिमीटर पाहिले, यूके-यूएस पाहिले, इनसोल मोजून घेतला. जोडा पायात छान बसला. तिसऱ्या दिवशी ओसरीच्या पायरीवर ह्यांचा उजवा पाय लटपटला. ताईंनी कमरेच्या पट्ट्याला धरले म्हणून हे पडले नाहीत. पाहते तो तळ मधोमध फाटून लोंबत होता आणि बोटाने चोळल्यावर त्याचा चुरा होत होता.

कित्येक जोड्यांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील दमटपणाने त्याची हळूहळू रासायनिक झीज होते. जोडा वापरला नाही म्हणून ती थांबत नाही. खोक्यात बंद पडून राहिलेला जोडाही काही वर्षांत आतून कुजतो आणि अंगावर भार पडताच फुटतो. आमचा जोड सात वर्षांपूर्वीचा होता, हे विचारल्यावर कळले. मी मापे सगळी विचारली होती, वय तेवढे विचारायचे राहिले. तेव्हा खरेदीचे किंवा उत्पादनाचे वर्ष अवश्य विचारावे. घरी आल्यावर तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. भेगा, पिवळी भुकटी अथवा चिकटपणा दिसला तर तो जोडा पायात घालू नये. आपल्या घरात कपाटात जपून ठेवलेल्या ‘चांगल्या’ जोड्यांनाही हीच परीक्षा लावावी.

म्हणजे वापरलेले जोडे घेऊच नयेत का? असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या पायांत संवेदना चांगली आहे, रक्ताभिसरण ठीक आहे, जखम वा मोठी विकृती नाही, त्यांना थोडा वापरलेला जोडा चालू शकतो. मी स्वतः फिरायला जाताना वापरते तो जोड वापरलेलाच आहे आणि मला त्याचा त्रास नाही. घेण्याआधी मी तळाचे आणि सपाट टेबलावर ठेवून मागून घेतलेले छायाचित्र मागवले; टाच एका बाजूला कललेली नव्हती. घरी आल्यावर आतून स्पिरिटने पुसला, दोन दिवस उन्हात ठेवला, इनसोल आणि नाड्या नव्या घातल्या, कारण बुरशीचा संसर्ग जोड्यातून येऊ शकतो. मात्र मधुमेहाने पाय बधिर झालेले, पायाला पूर्वी जखम झालेली, पक्षाघाताने संवेदना गेलेली अशी माणसे घरात असतील, तर त्यांच्यासाठी हा मार्ग धरू नये. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने नवा आणि मापाचा जोडाच हवा.

पैशांविषयी एक सावधगिरी. व्यक्तीकडून व्यक्तीने घेतलेला जोडा बहुधा परत करता येत नाही, म्हणून सारी चौकशी आधी करावी. कोणी ‘तुमचे पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हटले, तर करू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

शेवटी आम्ही काय केले, ते सांगते. एकाच बनावटीचे दोन नवे जोड घेतले, एक आठ, एक नऊ. दोन्ही पायांखाली एकाच उंचीचा तळ यावा, म्हणून बनावट एकच हवी, असे ताईंनी सांगितले होते. पहिल्या दिवशी अर्धाच तास घातला. काढल्यावर उजेडात पाऊल पाहिले. जोडा काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटांतही न जाणारी लाली म्हणजे धोक्याची खूण. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा हाताची मागची बाजू लावून ऊब चाचपावी. काही आढळले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी एक तास, मग दोन. आता हे रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन वर्तमानपत्र घेऊन येतात.

घरात उरले उजवा आठ आणि डावा नऊ, दोन्ही कोरे. दोन महिने ते कपाटात पडून होते. मग नातीच्या मदतीने मीच फोनवर जाहिरात दिली : ‘उजवा ८, डावा ९, न वापरलेले, यंदाच घेतलेले. डाव्या पायाला स्प्लिंट असणाऱ्यांसाठी. किंमत नाही.’ उत्तर येईल असे वाटले नव्हते. तीन आठवड्यांनी नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांची डावी बाजू गेली होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, “ताई, आत सेंटिमीटर किती भरतात?” मी इनसोल काढला, मोजपट्टी शेजारी ठेवली आणि छायाचित्र पाठवले.

रात्री ह्यांचे मोजे काढताना मी आता खोलीतला मोठा दिवा लावते. दोन्ही पावले हातात घेते, बोटांच्या बेचक्या पाहते, करंगळीचे मूळ दाबून पाहते, जोड्यात हात घालून खडा वा सुरकुती नाही ना हे चाचपते. पाच मिनिटे लागतात. “दुखतंय का?” असे अजूनही विचारते. हे “बरं” म्हणतात. मी ऐकते, आणि तरीही पाहते.